वारंवार विचारले जाणारे प्रश्न: कोल्हापुरातल्या एका छोट्या प्रकाशनाकडून

राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि बाकी सगळीकडे गठ्ठे. काम करणारी माणसं अडीच. अर्धा माणूस म्हणजे आमचे मुद्रितशोधक, छपाईआधी चुका शोधणारे. निवृत्त मास्तर आहेत, दुपारी चारनंतर येतात आणि चहा झाल्याशिवाय प्रूफ हातात धरत नाहीत. वर्षाला सात-आठ पुस्तकं निघतात. फोनवर रोज तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. फोन जरूर करा, पण आधी हे वाचलंत तर बोलणं लवकर मुद्द्यावर येईल.

लिहिणाऱ्यांसाठी

पुस्तक काढायला किती पैसे भरावे लागतील?

बहुतेक फोन इथूनच सुरू होतात. काही भरायचं नाही. पुस्तक आम्ही स्वीकारलं तर खर्च आमचा. स्वीकारलं नाही तर पैसे देऊनही काढणार नाही.

यात मोठेपणा काही नाही, सरळ व्यवहार आहे. लेखकाने पैसे भरले की प्रकाशकाचा नफा छापखान्यातच होऊन जातो. मग पुस्तक विकण्यासाठी त्याने का धडपडायचं? गडहिंग्लजकडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी आम्ही कॉटखाली चार गठ्ठे पाहिले होते, सुतळीसुद्धा न सोडलेले. भविष्य निर्वाह निधीतले पैसे त्यांनी त्यात घातले होते. पुस्तक चांगलं होतं, पण कुठल्या दुकानात ते कधी पोचलंच नाही.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात कमीपणा अजिबात नाही. घरच्यांसाठी, गावासाठी, वडिलांच्या आठवणीसाठी शंभर प्रती हव्या असतील तर सरळ छापखान्यात जा आणि प्रकाशक म्हणून स्वतःचंच नाव घाला. मधे आमची गरज नाही. कागद कोणता घ्यावा, बांधणी कशी असावी, हे विचारायला या. चहासकट फुकट सांगू.

मग तुम्हाला काय सुटतं?

ढोबळ हिशोब मांडतो. डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) २०८ पानांचं पुस्तक, ५०० प्रती, छापील किंमत ३०० रुपये. सत्तर जीएसएमचा (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड, म्हणजे फिकट पिवळसर, कागद, छपाई आणि बांधणी मिळून एका प्रतीला ८५ रुपये पडतात. टायपिंग, संपादन, मुद्रितशोधन, मांडणी आणि मुखपृष्ठ यांचा एकत्र खर्च ३२,५०० रुपये, म्हणजे प्रतीमागे ६५. वितरकाला ४० टक्के, म्हणजे १२०. लेखकाला १० टक्के, म्हणजे ३०. आता बेरीज करा. बरोबर ३०० भरतात.

म्हणजे वितरकामार्फत गेलेल्या पहिल्या आवृत्तीत आमच्या हातात शून्य. ऑफिसचं भाडं आणि मास्तरांचा चहा या हिशोबात धरलेलाच नाही. वाचक थेट आमच्याकडून घेतो तेव्हा वितरकाचे पैसे वाचतात, त्यातून दोन घास मिळतात. आणि दुसरी आवृत्ती निघाली की ते ६५ रुपये जवळजवळ पुरते सुटतात. आमचं पोट दुसऱ्या आवृत्तीवर चालतं. ज्या पुस्तकाला दुसरी आवृत्ती दिसत नाही, ते घेताना आम्ही दहा वेळा विचार करतो, त्याचं कारण हेच.

छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे ऐकून लोकांना वाटतं की आमची चंगळ आहे. उलट कागद घेताना, छपाई करून घेताना आम्ही कर भरतोच, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे त्याची वजावट मिळत नाही. तो किमतीत मुरतो.

मानधन कसं देता?

छापील किमतीवर दहा टक्के, विकल्या गेलेल्या प्रतींवर. इथे एक शब्द नीट पाहावा. कुणी ‘पंधरा टक्के देतो’ म्हणालं तर ते कशावर, हे विचारा. छापील किमतीवर की वितरकाची सवलत वजा जाता आलेल्या रकमेवर? तीनशेच्या पुस्तकावर पहिल्या पद्धतीने ४५ रुपये होतात, दुसऱ्या पद्धतीने २७. आमचे दहा टक्के म्हणजे ३० रुपये.

हिशोब वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये. दुकानदारांकडचा माल ‘विक्री-परत’ बोलीवर असतो, म्हणजे विकला तर पैसे, नाहीतर माल परत; पैसे यायला तीन ते सहा महिने लागतात, म्हणून दर महिन्याला विचारू नका. लेखकाला १० प्रती भेट, त्यापुढच्या ४० टक्के सवलतीने.

पाचशे प्रती संपल्या तर तुमच्या हातात १५,००० रुपये येतील. दोन-तीन वर्षांच्या मेहनतीचे. हा आकडा आधीच सांगतो, म्हणजे नोकरी सोडायचा विचार असेल तर तो बारगळेल.

तुम्ही खरोखर किती प्रती छापल्या, हे आम्हाला कसं कळणार?

हा प्रश्न लोक लाजत लाजत विचारतात. लाजू नका. मराठी लेखकाच्या मनातली ही सर्वांत जुनी शंका आहे, आणि ती उगाच आलेली नाही.

छापखान्याचं बिल आणि बाइंडरचं चलन यांची प्रत आम्ही लेखकाला देतो. बाइंडरचं चलन जास्त महत्त्वाचं, कारण छापलेले फर्मे (मोठ्या कागदावर एकत्र छापलेले पानांचे गट) मोजणं अवघड असतं, बांधलेली पुस्तकं मोजणं सोपं. त्यानंतर गोदामाची वही. किती आल्या, किती गेल्या, किती परत आल्या, परीक्षणाला किती, भेट किती. लेखक कधीही येऊन ती वही उघडू शकतो. कागलचे एक लेखक दर दसऱ्याला येतात, वही बघतात, पेढे देतात आणि जातात.

या वहीची खरी परीक्षा ऑगस्ट २०१९ मध्ये झाली. तेव्हा आमचं गोदाम शाहूपुरीत तळमजल्यावर होतं. पंचगंगेचं पाणी चढत चढत व्हीनस कॉर्नरच्या पुढे आलं तरी आम्ही खालचे गठ्ठे वरच्या फळीवर ठेवत बसलो होतो, जणू फळीपर्यंत पाणी येणारच नाही. ते आलं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा गठ्ठे फुगून एकमेकांत इतके घट्ट बसले होते की पहारीने सोडवावे लागले. ओलं पुस्तक उन्हात वाळवलं की पानं पापडासारखी होतात आणि आर्ट कार्डाचं कव्हर एकमेकाला चिकटून बसतं. त्यातलं काही वाचत नाही.

पण वही ऑफिसात, पहिल्या मजल्यावर होती. त्यामुळे कोणत्या पुस्तकाच्या किती प्रती पाण्यात गेल्या, हे प्रत्येक लेखकाला आठवडाभरात लेखी कळवता आलं. त्या प्रती विकल्या गेल्या नव्हत्या, म्हणून त्यांचं मानधन नाही. एकाही लेखकाने हुज्जत घातली नाही. दोघांनी तर एप्रिलचा चेक परत पाठवला. तो आम्ही पुन्हा त्यांच्याकडे पाठवला, कारण हिशोब हा हिशोब असतो. २०२१ च्या पुरात मात्र पुस्तकं वर होती. आता तळमजल्यावर आम्ही फक्त सायकल ठेवतो.

करारात काय काय बघायचं?

आमचा करार मराठीत आणि दोन पानांचा आहे. आम्ही स्वामित्वहक्क विकत घेत नाही. मराठी छापील पुस्तक काढण्याची परवानगी सात वर्षांसाठी घेतो. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, नाटक, सिनेमा, सगळं तुमच्याकडेच राहतं. सीमाभाग जवळ असल्यामुळे कन्नड अनुवादाची विचारणा मधूनमधून येते. आली की पत्ता तुम्हाला देतो, दलाली घेत नाही.

दुसऱ्या कुणाशी करार करत असाल तरी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ माहीत असू द्या. हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सही केलेलंच हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास, त्या हक्कांचं हस्तांतर संपतं. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं कुठे दिसलं तर पेन खाली ठेवा. तुमचा हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे तुम्ही जी सही करता, ती नातवंडांच्या वतीनेही करत असता. वारसाचं नाव म्हणूनच करारात लिहून घेतो. लोकांना ते अभद्र वाटतं, पण पुढे वारसांना शोधत गावोगाव फिरण्यापेक्षा बरं.

शेवटच्या ओळीत ‘न्यायक्षेत्र कोल्हापूर’ असतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही इथेच बसतं, त्यामुळे भांडायचं झालं तरी मुंबईची गाडी पकडावी लागणार नाही.

हस्तलिखित कसं पाठवायचं?

युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल सर्वांत बरी. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली फाइलही चालते, पण ती युनिकोडमध्ये आणताना रफार उडतात, ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो आणि ‘तऱ्हा’ची तर तऱ्हाच होते. मग मास्तरांना सगळं पुन्हा डोळ्याखालून घालावं लागतं.

वहीत हाताने लिहिलेलं असेल तर तेही चालेल. आमच्या यादीतली तीन चांगली पुस्तकं दोनशेपानी वह्यांतून आली आहेत. फक्त झेरॉक्स द्या, मूळ वही घरी ठेवा.

व्हॉट्सॲपवर चाळीस तुकड्यांत पाठवू नका. पानांचे फोटो काढून तर नकोच नको. आणि एआयकडून लिहून घेतलेलं पाठवू नका. तिसऱ्या पानावर कळतं.

उत्तर किती दिवसांत येतं?

तीन महिन्यांत. नकार असला तरी कळवतो, जमलं तर का तेही लिहितो. त्यावर वाद घालायला फोन येतात, ते आता सवयीचं झालंय.

स्वीकारल्यापासून पुस्तक हातात यायला आठ महिने ते वर्ष. दिवाळी अंकांच्या दिवसांत छापखाना मिळत नाही, लग्नसराईत पत्रिकांची गर्दी, आणि निवडणूक लागली तर विचारूच नका.

आमची बोली तुम्ही ‘शुद्ध’ करणार का?

नाही. पण या प्रश्नाचं उत्तर आम्ही एका लेखिकेकडून शिकलो, ते सांगायला हवं.

शिवाजी पेठेतल्या एका आजींच्या आठवणींचं पुस्तक चालू होतं. कोल्हापुरातल्या जुन्या बायका बोलतात तसंच त्यांनी लिहिलं होतं: ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी त्येला बोललो’. मास्तर तेव्हा आजारी होते, म्हणून प्रूफं बाहेरगावच्या एका मुद्रितशोधकाकडे दिली. माणूस कसबी. त्याने सगळीकडे ‘आले’, ‘जेवले’, ‘बोलले’ करून टाकलं. आम्हीही वरवर चाळून आजींकडे प्रूफं पाठवली. दुसऱ्या दिवशी त्या नातवाच्या मोटरसायकलवरून ऑफिसात आल्या. प्रूफं टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “ही बाई कोन? मी न्हवं ही.”

एक-एक क्रियापद परत फिरवायला दहा दिवस लागले. तेव्हापासूनची पद्धत अशी. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सामान्यरूप यांसाठी आम्ही मराठी साहित्य महामंडळाचे नियम पाळतो. चौदा नियम १९६२ मध्ये ठरले, पुढे १९७२ मध्ये चारांची भर पडून अठरा झाले. पण हे नियम लेखनाचे आहेत. कुणी कसं बोलावं, हे सांगण्यासाठी ते नाहीत. संवाद जसे आहेत तसे राहतात. सगळं निवेदनच बोलीत असेल तर तेही राहतं, फक्त एक शब्द पुस्तकभर एकाच पद्धतीने लिहायचा. पहिल्या प्रकरणात ‘न्हाई’ आणि पाचव्यात ‘नाय’ असेल तर विचारतो, माणूस बदलला की गाव? त्यासाठी प्रत्येक पुस्तकाची शब्दांची वेगळी यादी करतो आणि लेखकाची तिच्यावर सही घेतो. कागलची बोली वेगळी, चंदगडची वेगळी, निपाणीकडे गेलं की वाक्याला कन्नड वळण येतं. सगळ्याला एकच ‘ग्रामीण’ रंग लावून टाकणं हा आळस आहे, आणि तो शहरी लेखकांच्या संवादांत जास्त दिसतो.

माझ्या लेखनातला एकही शब्द बदलू नका, चालेल का?

चालेल. मग प्रकाशकही बदला.

संपादनात आम्ही मुख्यतः कापतो. आत्मचरित्रांत पहिली चाळीस पानं वंशावळीत जातात आणि लेखकाचा जन्म होईपर्यंत वाचक झोपतो. बदल पेन्सिलीने सुचवतो. मान्य करायचे की नाही हे तुम्ही ठरवता. दोघंही अडून बसलो तर पुस्तक तुमचं असतं, म्हणून तुमचं राहतं.

एक विनंती. मांडणी पूर्ण झाल्यावर ‘दोन पानं ऋणनिर्देश राहिला’ म्हणून येऊ नका. सोळा पानांचा एक फर्मा असतो. २०८ पानं म्हणजे नेमके तेरा फर्मे. दोन पानं वाढली की चौदावा फर्मा उघडावा लागतो, त्यात चौदा पानं कोरी राहतात आणि किंमत चढते.

कवितासंग्रह घेता का?

वर्षाला एक. आलेले असतात साठ-सत्तर. पाठवण्याआधी एक करा: गेल्या वर्षभरात स्वतः विकत घेतलेल्या तीन कवितासंग्रहांची नावं पत्रात लिहा. ही अट घातल्यापासून टपाल बरंच हलकं झालं आहे.

बढतीसाठी प्रबंधाचं पुस्तक हवंय, आयएसबीएनसह, महिन्याभरात. होईल का?

होणार नाही. प्राध्यापक मंडळींचे असे फोन मार्च जवळ आला की वाढतात. आयएसबीएन म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे. तो पुस्तकाचा तेरा आकडी ओळख क्रमांक आहे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. भारतात तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून, ऑनलाइन अर्ज करून, मोफत मिळतो. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यालाही मिळतो. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.

प्रबंधात खरोखर पुस्तक दडलेलं असेल तर मात्र जरूर या. संदर्भांची रांग मागे नेऊन, ‘प्रस्तुत संशोधकाच्या मते’ काढून टाकून, वर्षभर बसायची तयारी हवी.

पुस्तकात गाण्याच्या ओळी, जुने फोटो, पत्रं घातली तर?

कोल्हापूर म्हणजे सिनेमाचं गाव. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथे काढली त्याला शंभर वर्षं उलटून गेली. त्यामुळे इथल्या प्रत्येक आत्मचरित्रात दर प्रकरणाला एक गाणं असतं. ओळी उद्धृत करायच्या तर हक्क कुणाकडे आहेत हे शोधून परवानगी मागावी लागते. बऱ्याचदा ‘तेव्हा रेडिओवर अमुक गाणं लागलं होतं’ एवढं लिहून भागतं.

पत्रांबाबत गैरसमज फार. तुम्हाला आलेलं पत्र तुमच्याकडे असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. एखाद्या मोठ्या माणसाचं पोस्टकार्ड छापायचं असेल तर घरच्यांचं संमतीपत्र आणा. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क मात्र, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणाऱ्याचा.

मुखपृष्ठ माझा भाचा करून देईल.

भाच्याला शुभेच्छा. मुखपृष्ठ आम्ही ठरवतो, तुमची संमती घेतो.

प्रकाशन समारंभ करता का?

शाहू स्मारक भवन, सहा वक्ते, शाल, श्रीफळ, आणि लेखकाला बोलायला शेवटची सात मिनिटं. असा समारंभ हवा असेल तर तो तुम्ही करा, आम्ही पुस्तकांचं टेबल लावू. अनुभव असा आहे की सभागृह पाहुण्यांनी भरतं, आणि पाहुण्यांना पुस्तक ‘सप्रेम भेट’ हवं असतं. चुलत सासऱ्यांना दिलं म्हणून मग मामेसासऱ्यांनाही द्यावं लागतं. दहाच्या दहा प्रती त्या संध्याकाळी संपतात आणि गल्ल्यात नऊशे रुपये.

आम्हाला आवडतो तो दुसरा प्रकार. पुस्तक ज्या गावाबद्दल आहे त्या गावात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा तालमीच्या कट्ट्यावर, लेखकाने वीस मिनिटं वाचायचं. कुस्तीवरच्या एका पुस्तकाच्या पासष्ट प्रती आम्ही अशाच एका तालमीसमोर विकल्या. घेणाऱ्यांत निम्म्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पुस्तक विकत घेतलं असावं, कारण किंमत विचारताना ते ‘जोडी केवढ्याला?’ म्हणत होते.

पुरस्कारांना पाठवता का? अनुदान मिळतं का?

तुमच्या पुस्तकाला साजतील अशा चार-पाच ठिकाणी आम्ही स्वखर्चाने पाठवतो, त्यात राज्य शासनाचे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार आले. प्रवेश शुल्क मागणाऱ्या पुरस्कारांना पाठवत नाही. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. अर्ज लेखकाने स्वतः करायचा असतो.

वाचणाऱ्यांसाठी

तुमची पुस्तकं कुठे मिळतात?

आमच्या ऑफिसात सगळी मिळतात. शहरातल्या दुकानांत बरीचशी, पुण्यात अप्पा बळवंत चौकात काही. प्रदर्शनं लागतात तेव्हा आमचा गाळा असतो, शेवटच्या रांगेत. पहिल्या रांगेचं भाडं परवडत नाही.

फोन करून मागवलंत तर थेट येतं. आम्हाला तेच जास्त आवडतं. का, ते वरच्या हिशोबात सांगितलंच आहे.

टपालखर्च किती पडतो?

मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे. अभ्यासक्रमाची, स्पर्धा परीक्षांची आणि सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं त्यातून जातात. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. आमचं २०८ पानी पुस्तक साधारण अडीचशे ग्रॅम भरतं, त्यामुळे वेष्टण हलकं ठेवून ते पहिल्या टप्प्यात बसवतो. जमिनीवरच्या वाहतुकीने जातं, वेळ लागतो, धीर धरा. बाकीची पुस्तकं स्पीड पोस्टने. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं आहे.

सवलत किती?

ऑफिसात येऊन घेतलं तर २० टक्के. ऑनलाइन अमुक ठिकाणी चाळीस टक्के मिळते, असं सांगितल्याने आमची वाढत नाही. विद्यार्थ्यांना कधी कधी जास्त देतो. विद्यार्थी आहे हे ओळखपत्रावरून नाही, पाकीट उघडताना चेहऱ्यावरून ठरवतो.

पानं उलटी लागली आहेत किंवा गायब आहेत, काय करू?

बांधणीत एखादा फर्मा दोनदा लागतो किंवा सुटतो. ९६ नंतर एकदम ११३ आलं तर समजा सोळा पानं गेली. त्या पानाचा फोटो आणि पत्ता पाठवा. नवीन प्रत येईल. सदोष प्रत परत पाठवायची गरज नाही, तिच्या टपालात आमचेच पैसे जातात.

पावसाळ्यात पुस्तकं दमट होतात, वास येतो.

कोल्हापूरच्या पावसात ते होणारच. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. पुस्तकं दाटीने कोंबू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं सर्वांत वाईट, आतली ओल आतच राहते. ऑक्टोबरच्या उन्हात दाराजवळ सावलीत उघडी ठेवा. बुरशीचे ठिपके कोरड्या मऊ फडक्याने घराबाहेर पुसा.

पुस्तकाची पीडीएफ पाठवता का?

नाही. कुणी ग्रुपवर टाकली असेल तर आम्हाला कळवा, पुढे पाठवू नका. ती फाइल पाठवणारे बहुतेक वेळा पुस्तकावर प्रेम करणारेच असतात, म्हणून राग येत नाही. पण पाचशेच्या आवृत्तीत पन्नास गिऱ्हाइकं गेली की दुसरी आवृत्ती जाते.

आमच्या वाचनालयाला पुस्तकं हवी आहेत.

या शहरात वाचनालयाला ‘नाही’ म्हणणं शोभत नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९४५ मध्ये केला, महाराष्ट्र राज्याचा कायदा यायला १९६७ उजाडलं. गावच्या वाचनालयाला ३० टक्के सवलत आणि बिलावर तीन महिन्यांची मुदत. अनुदान रखडलं तर फोन करून सांगा, एवढंच. न सांगता फोन उचलणं बंद केलंत तर वाईट वाटतं.

प्रत्येक नव्या पुस्तकाची एकेक प्रत १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशनापासून तीस दिवसांत आम्ही पाठवतो. बरेच जण हे विसरतात. पुरानंतर आमच्या एका पुस्तकाची ऑफिसातली शेवटची प्रतसुद्धा उरली नव्हती. तेव्हा नवी आवृत्ती काढताना ताडून बघायला मुंबईची प्रत उपयोगी पडली.

पुस्तक संपलंय म्हणता. पुन्हा कधी येणार?

मागणी नोंदवा. पन्नास नावं झाली की डिजिटल छपाईने पन्नासच प्रती काढतो. त्या मोठ्या आवृत्तीच्या नेहमीच्या ऑफसेट छपाईपेक्षा महाग पडतात, म्हणून किंमत थोडी वाढते. अशा छपाईला आम्ही ‘दुसरी आवृत्ती’ म्हणत नाही, ‘पुनर्मुद्रण’ म्हणतो. पन्नास-पन्नास प्रती काढून दहावी आवृत्ती मिरवणारे आहेत, त्यांना मिरवू दे.

भेटायला कधी यायचं?

सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, रविवारी बंद. नवरात्रात ललिता पंचमीला टेंबलाईच्या यात्रेमुळे अर्धा दिवस. मुद्रितशोधनाबद्दल बोलायचं असेल तर चारनंतर या, मास्तर तेव्हाच भेटतील. जिना अरुंद आहे. गठ्ठे घेऊन आला असाल तर खालूनच हाक मारा, कुणीतरी उतरेल.